भावाला जिजाजींची 'मदत' हवी आहे! आतड्यातले जिवाणू बदलून कोलायटिस बरा होतो का?

रामबागवाली
नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसती वाचते. आज लिहायला बसले कारण घरात अर्धा वेळ हसू येतंय आणि अर्धा वेळ रडू.

माझा धाकटा भाऊ, वय ३१, इंदूरलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि आतून जखमा. सूज उतरवणाऱ्या मेसालामीनच्या गोळ्या चालू होत्या, दोनदा स्टेरॉइडही झालं. मधलं दीड वर्ष छान गेलं. दिवाळीनंतर पुन्हा त्रास सुरू झाला आणि त्याच सुमारास त्याला एक 'गट कोच' (गट म्हणजे इंग्रजीतलं आतडं) भेटला. म्हणे औषधं नुसती आग विझवतात, खरं कारण म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचा बिघडलेला तोल. तीन महिन्यांचं पॅकेज, अडतीस हजार. त्यात दोन डबे पावडर, एक चार्ट आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

त्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. निरोगी माणसाची शी घ्यायची, मिठाच्या पाण्यात घुसळायची, गाळायची आणि घरच्या घरी एनिमाने आत सोडायची. गेल्या रविवारी सगळे पोहे-जिलबी खायला बसलो असताना भाऊ ह्यांना हळूच म्हणाला, "जिजाजी, तुमचं पोट एकदम क्लीन असतं ना? तुमची जरा मदत हवी होती." ह्यांना वाटलं पैसे मागतोय. हे लगेच म्हणाले, "अरे, किती पाहिजे?"

आता आईचा जुना मिक्सर 'चटणीसाठी' म्हणून त्याच्याकडे गेलाय. आईला काही माहीत नाही.

प्रश्न असा की ह्यात काही खरं आहे की सगळाच भोंदूपणा? आणि त्याला थांबवायचं कसं? फाल्गुनात त्याचं लग्न ठरायच्या गोष्टी चालल्या आहेत, म्हणून ही घाई.

सेवगाठी
ताई, आधी माफी मागतो, मग हसतो. जावयाला सोन्याची अंगठी देणारं सासर ऐकलं होतं. जावयाकडून हे मागणारं सासर पहिल्यांदाच!
आणि शहर कोणतं, तर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं. घंटागाडीला सहा कप्पे आहेत, भियासाठी सातवा लावावा लागेल.

सई_तिलकनगर
सेवगाठी, हसून झालं असेल तर बाजूला व्हा.

रामबागवाली, मला क्रोन्स आहे, कोलायटिसचाच भाऊबंद, अकरा वर्षं झाली. आधी हे सांगा: भावाने गोळ्या बंद केल्यात का? किती दिवस झाले? रक्त पडतंय का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?

रामबागवाली
बंद करून तीन आठवडे झाले. कोचने 'हळूहळू' म्हटलं होतं, ह्याने एकदम केल्या. दिवसातून चार-पाच वेळा जातो. रक्त 'थोडंसंच' म्हणतो. ताप नाही. रात्रीचं विचारलं तर विषय बदलतो.

लष्करचे_आजोबा
मी ग्वाल्हेरचा. फिजिशियन होतो, आता निवृत्त. गजराराजा मेडिकल कॉलेजात शिकत होतो तेव्हा रक्ताची शी म्हटली की अमीबा, असं डोळे मिटून ठरायचं आणि पोरांना मेट्रोनिडाझोलवर मेट्रोनिडाझोल मिळायचं. कोलायटिसचे किती रुग्ण त्यात वर्षानुवर्षं वाया गेले असतील ह्याचा विचार आता येतो.

पोरी, नीट वाच. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शी आणि त्याबरोबर ताप, किंवा नाडी ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन घसरलेलं, असं झालं तर त्या दिवशी धागा वाचत बसायचं नाही, सरळ भरती करायचं. भाऊ अजून तिथे नाही, पण रस्ता त्याच दिशेचा आहे. ह्या आठवड्यात त्याला पोटाच्या डॉक्टरांकडे ने. शीमधलं कॅलप्रोटेक्टिन तपास, त्यावरून आतड्याची सूज कळते. ५० च्या आत असलं तर निवांत, २५० च्या वर गेलं तर आतडं पेटलेलं आहे असं धरून चालायचं. शीतच क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचीही तपासणी करून घे. कोलायटिसच्या माणसाला ते जंतू गाठतात आणि लक्षणं अगदी मूळ आजारासारखीच दिसतात.

जिवाणूंचा तोल वगैरे फॅशन आहे. आमच्या वेळी सगळ्याला 'आव' म्हणायचे, आता सगळ्याला 'गट' म्हणतात.

सूक्ष्मदर्शक
आजोबा, पहिल्या परिच्छेदांना शंभर पैकी शंभर, शेवटच्या दोन ओळींना शून्य. :)

मी मूळ इंदूरचा, आता पुण्यात, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. फॅशन कोचची आहे, शास्त्र खरं आहे. क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यात फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी नावाचा एक भला जिवाणू कमी झालेला आढळतो, हे २००८ पासून माहीत आहे. हा आपल्या न पचलेल्या कोंड्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतो आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्याच ब्युटिरेटवर जगतात. तो कमी झाला की अस्तराची उपासमार होते.

आणि 'मदती'चा इतिहास जुना आहे. चौथ्या शतकात चीनमध्ये गे होंग नावाचा वैद्य जुलाबावर हा उपाय लिहून गेलाय. १९५८ मध्ये अमेरिकेत आयझमन नावाच्या सर्जनने आतड्याच्या जीवघेण्या संसर्गावर विष्ठेचे एनिमा दिले. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या रुग्णांवर चाचणी झाली: एकाच वेळच्या प्रत्यारोपणाने सोळापैकी तेरा बरे, नुसत्या व्हॅन्कोमायसिन ह्या अँटिबायोटिकने तेरापैकी चार. फरक इतका होता की चाचणी मध्येच थांबवली. त्याला आता एफएमटी म्हणतात, म्हणजे विष्ठेतल्या जिवाणूंचं प्रत्यारोपण.

लष्करचे_आजोबा
तो संसर्ग झाला. ताईच्या भावाला संसर्ग नाही, कोलायटिस आहे. आणि विहिरीचं पाणी गढूळ झालं म्हणून मासे मेले की मासे मेले म्हणून पाणी गढूळ झालं, हे कुणी ठरवलंय? आतडं सुजलं की तिथलं वातावरणच बदलतं. प्राणवायू टाळणारे जिवाणू मरतात, तो चालणारे माजतात.

सूक्ष्मदर्शक
अगदी बरोबर, आणि म्हणूनच कोलायटिसमधले आकडे इतके झगझगीत नाहीत. कॅनडात २०१५ ची चाचणी, ७५ रुग्ण: एफएमटीने २४ टक्क्यांचा आजार शांत झाला, नुसत्या पाण्याच्या एनिमाने ५ टक्क्यांचा. त्यातही गंमत अशी की शांत झालेल्या नऊ जणांपैकी सात जणांचा दाता एकच होता, त्याला 'दाता ब' म्हणतात. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या चाचणीत ठळक फरक दिसलाच नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात २७ विरुद्ध ८ टक्के. पण तिथे आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे एनिमा दिले होते आणि प्रत्येक डोसात अनेक दात्यांचं मिश्रण होतं.

सेवगाठी
म्हणजे चाळीस एनिमा. एकट्या जिजाजींनी भागायचं नाही, अख्खी वरात बोलवावी लागेल.

मांडवीची_मावशी
मी वडोदऱ्याहून. तुम्ही मंडळी चीन-कॅनडा फिरून आलात पण घरातलं ताक कुणाला दिसलं नाही! आमच्या ह्यांना चाळिशीत ग्रहणी होती. वैद्यांनी चार महिने ताकावर ठेवलं, वर कुटजारिष्ट. पुढे चाळीस वर्षं पोटाची तक्रार नाही. तक्रं शक्रस्य दुर्लभम् उगाच नाही म्हणत. जिवाणूच हवेत ना? मग ताकात काय कमी आहेत? मी तर आजही मठाशिवाय जेवत नाही.

लष्करचे_आजोबा
मावशी, ताकाबद्दल माझी तक्रार नाही, मीही पितो. पण 'ग्रहणी' ह्या एका शब्दात दहा आजार बसतात. वजन न घटता, रक्त न पडता वर्षानुवर्षं पोट बिघडणं हे बहुतेक आयबीएस, म्हणजे नुसतं चिडखोर आतडं. इथे चाललंय ते आयबीडी, म्हणजे आतड्याच्या सुजेचे आजार, कोलायटिस आणि क्रोन्स. एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात आतडं तपासलं तर साधारण निरोगी दिसतं, दुसऱ्यात जखमा दिसतात. यजमानांची दुर्बीण झाली होती का?

मांडवीची_मावशी
त्या काळी कुठली दुर्बीण! नाडी बघितली, जीभ बघितली, झालं.

सई_तिलकनगर
मावशी, माझी गोष्ट ऐका. आजार निघाला तेव्हा मलाही आतड्यासाठी आधी टीबीचीच औषधं दिली होती. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा टीबी वेगळे ओळखणं खरंच अवघड असतं, मोठमोठे डॉक्टरही अडकतात. पुढे निदान बदललं, प्रतिकारशक्ती आवरणारं अ‍ॅझाथायोप्रिन चालू झालं, बरी झाले. मग मी शहाणी झाले. 'चांगल्या जिवाणूंना खाऊ हवा' असं वाचलं आणि रोज वाटीभर मोड आलेली मटकी, कोशिंबीर, सालासकट पेरू. माझ्या लहान आतड्यात एका जागी अरुंदपणा होता, तो मला माहीत होता पण जिवाणूंच्या नादात विसरले. बाराव्या दिवशी पोट फुगून घट्ट, उलट्या, नाकातून नळी, पाच दिवस सलाइन. आईने मटकीचं नाव टाकलं ते आजतागायत.

ज्याला जे चालतं ते वेगळं असतं एवढंच म्हणायचंय. मऊ शिजवलेला भोपळा, केळं, दहीभात मला चालतं. कोचचा चार्ट सगळ्यांना एकच असतो.

सूक्ष्मदर्शक
दहीभातावरून: भात शिजवून थंड केला की त्यातला काही स्टार्च न पचणारा होतो आणि तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं होतो. तेव्हा आजीचा सकाळचा गार दहीभात अगदीच अडाणी नव्हता.

पाटणीपुरा_पोहेवाला
मग तुपाचं काय? ब्युटिरेट तुपात असतं असं आमचे जिम-ट्रेनर म्हणतात. मी दाल-बाफल्यावर दोन वाट्या ओततो, औषध म्हणून.

सूक्ष्मदर्शक
असतं खरं. ब्युटिरेट हे नावच लोण्यावरून पडलंय. पण तुपातलं वरच्या वर लहान आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत फारसं पोचत नाही. तिथलं तिथेच बनवावं लागतं. बाफले चवीसाठी खा.

पाटणीपुरा_पोहेवाला
मन मोडलंत साहेब.

रतलामकर
आयुष्यात पहिल्यांदा हे जाहीर लिहितोय, टोपणनाव आहे म्हणून. मी एफएमटी घेतलंय. कोलायटिससाठी, परराज्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात, कोलोनोस्कोपीतून, दर काही आठवड्यांनी. वास-बीस काही कळत नाही, तुम्ही पडलेले असता. खरी लाज फॉर्म भरताना वाटली, कारण समोर ओळखीच्या गावचा माणूस निघाला.

फायदा झाला का? झाला. आठ महिने मी विसरलो होतो की मला आजार आहे. रेल्वेत बसताना आधी डब्यातली संडासाची बाजू शोधायची सवय गेली होती. इंदूर-पुणे प्रवासात झोपलो, हे ज्यांना समजेल त्यांनाच समजेल. नवव्या महिन्यात घरात लग्न, जागरण, वर खोकल्यासाठी अँटिबायोटिक, आणि परत रक्त. आता पुन्हा औषधांवर आहे. पश्चात्ताप नाही. पण माझं मेसालामीन त्या आठही महिन्यांत चालूच होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे औषधाच्या जोडीला आहे.

दाता कोण ते मला सांगितलं नाही. रक्ताच्या आणि शीच्या डझनभर तपासण्या, सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको, परदेश प्रवास नको, वजन जास्त नको. तयार झालेल्यांतले बहुतेक गाळले जातात म्हणे.

सेवगाठी
वजन जास्त नको? मग जिजाजी बाद. रामबागवाली, ह्यांचं वजन विचारू का?

रामबागवाली
नका विचारू. शिवाय त्यांना आम्लपित्त आहे आणि जानेवारीत दातासाठी अँटिबायोटिक झालंय. रविवारपासून तर त्यांना टेन्शनने होतच नाहीये. रोज सकाळी भाऊ फोन करतो, "काही प्रगती?"

सेवगाठी
मी खुर्चीवरून पडलो.

सूक्ष्मदर्शक
हसा, पण एक गोष्ट भावाला दाखवा. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, इशारा काढला होता. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याच्या विष्ठेतून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय गेला, त्यातला एक दगावला. दाता ठणठणीत होता, त्या जंतूची तपासणी तेवढी राहिली होती. आणि हे तज्ज्ञांच्या हातून झालं.

दुसरं, मिक्सर. ज्या जिवाणूंसाठी हा सगळा खटाटोप, त्यातले बरेच प्राणवायू लागला की मरतात. २०१९ च्या ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या चाचणीत म्हणूनच प्राणवायू वगळून मिश्रण केलं होतं, तिथे ३२ विरुद्ध ९ टक्के असा निकाल आला. आईच्या मिक्सरमध्ये दोन मिनिटं फिरवल्यावर भल्यांपैकी किती उरतील आणि दांडगे किती, विचार करा.

अमेरिकेत ह्या प्रकारची दोन उत्पादनं मंजूर आहेत, २०२२ आणि २०२३ ची. दोन्ही फक्त वारंवार होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी, कोलायटिससाठी नाहीत.

लष्करचे_आजोबा
आता सूक्ष्मदर्शक माझ्या बाजूला आले.

सूक्ष्मदर्शक
नाही आलो आजोबा! हे घ्या, आपल्याच देशातलं. दिल्लीच्या एम्सने २०२२ मध्ये छापलेली चाचणी, सौम्य ते मध्यम कोलायटिसचे ६६ रुग्ण. एका गटाला सात आठवडे दर आठवड्याला एफएमटी आणि जोडीला ठरावीक आहार, दुसऱ्याला नेहमीची औषधं. आठ आठवड्यांनी आजार शांत झालेले ६० टक्के विरुद्ध ३२ टक्के. वर्षभर नुसत्या आहारावर राहिलेल्यांपैकी चौथा हिस्सा पूर्ण शांत राहिला, दुसऱ्या गटात एकही नाही. आणि दाते कुठले घेतले? खेड्यातले. शहरी आतड्यापेक्षा तिथे जिवाणूंची विविधता जास्त. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजातूनही ह्यावर बरंच काम आलंय. ह्याला फॅशन म्हणणार?

लष्करचे_आजोबा
म्हणणार नाही. एम्सचं वाचलं नव्हतं, वाचतो. पण ६६ रुग्ण म्हणजे ६६च. आणि सौम्य ते मध्यम हा शब्द सोडू नका.

मांडवीची_मावशी
त्या आहारात ताक होतं का?

सूक्ष्मदर्शक
मावशी, रागावू नका. त्यात दुधाचे पदार्थ कमी करायला सांगितले होते. गहूही, साखरही आणि पाकिटबंद सगळंच.

मांडवीची_मावशी
मग तो अभ्यास मला मान्य नाही.

पाटणीपुरा_पोहेवाला
पोह्यांना हात लावला नाही ना? जीरावनलाही नाही? मग मला मान्य आहे.

धार_रोडची_माई
पावडरच्या डब्यावर काय लिहिलंय ते कुणी विचारलंच नाही.

रामबागवाली
फोटो काढून आणला. '५० अब्ज जिवाणू, १००% नैसर्गिक.' जिवाणूंची नावं नाहीत. खाली इन्युलिन आणि 'फ्लेवर'.

सूक्ष्मदर्शक
नाव नसलं तर काही अर्थ नाही. जिवाणूचं नुसतं घराणं कळून भागत नाही, नेमका वाण कळावा लागतो. उदाहरणार्थ ई. कोलाय. वर दगावलेल्या रुग्णात तोच, आणि 'निस्ले १९१७' नावाचा वाणही ई. कोलायच! पहिल्या महायुद्धात एका सैनिकाला हगवणीच्या साथीत काहीच झालं नाही, त्याच्या विष्ठेतून आल्फ्रेड निस्ले ह्या जर्मन डॉक्टरने तो वेगळा केला. शांत झालेला कोलायटिस शांत ठेवण्यात तो मेसालामीनच्या जवळपास ठरलाय. आठ वाणांच्या एका मिश्रणाची भारतातच कोलायटिसवर चाचणी झाली, २००९ मध्ये, फायदा दिसला. पण डोस होता एका वेळी ३,६०० अब्ज, दिवसातून दोनदा. तुमच्या डब्यात ५०.

लष्करचे_आजोबा
आणि अमेरिकेच्या पोटविकार संघटनेने २०२० मध्ये सगळं तपासून सांगितलं की आयबीडीत प्रोबायोटिक (असे भले जिवाणू) द्यायचं तर चाचणीचा भाग म्हणूनच द्या. क्रोन्समध्ये तर हाती काहीच लागलेलं नाही.

धार_रोडची_माई
विषय सोडून विचारते, लग्नाचं काय करणार? मुलीकडच्यांना सांगितलंय? माझं मत, आत्ता सांगू नका. एकदा बरं वाटलं की बघता येईल. आमच्यात दोन स्थळं अशीच फिसकटली.

सई_तिलकनगर
माई, तुमच्याबद्दल आदर आहे पण हा सल्ला अजिबात पटला नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात बायको विचारणारच की बाथरूममध्ये चाळीस मिनिटं काय करतोस. मी माझ्या नवऱ्याला दुसऱ्या भेटीत सांगितलं, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, सगळ्यात चुकीच्या जागी. त्याने शांतपणे विचारलं, "मग इथे तू काय खाऊ शकतेस?" तिथेच ठरलं.

धार_रोडची_माई
सगळेच तुझ्या नवऱ्यासारखे नसतात गं बाई.

रतलामकर
माझ्या बाबतीत फिसकटलं होतं. तरी सांगितलं ते बरं केलं असंच वाटतं. आता आहे ती चांगली आहे, प्रवासात बाजूची सीट तीच शोधते.

रामबागवाली
पाच आठवड्यांनी येतेय. कुणीकुणी व्यक्तिगत निरोप पाठवले, उत्तरं दिली नाहीत, क्षमा करा.

धागा भावाला वाचायला दिला. सगळ्यात जास्त परिणाम कशाचा झाला असेल तर रतलामकरांचा, 'मेसालामीन चालूच होतं' ह्या ओळीचा. दुसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरांकडे गेला. कॅलप्रोटेक्टिन ११४०. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल निगेटिव्ह. रात्री दोनदा उठत होता, हे तिथे डॉक्टरांसमोर कबूल केलं.

आणि मग तिथे जे निघालं ते ऐका. सूज मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातच आहे. डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी काढून विचारलं की गोळ्यांबरोबर मेसालामीनचा एनिमा लिहिला होता तो घेतोस ना? ह्याने तीन वर्षांत एकदाही घेतला नव्हता! 'कसंतरी वाटतं' म्हणून!! जिजाजींचा चालणार होता, औषधाचा नको होता. मी तिथेच डोक्याला हात लावला. डॉक्टरांना जिजाजींचं काही सांगितलं नाही, ते का हसू दाबतायत हे त्यांना कळेना.

आता रोज रात्री एनिमा आणि गोळ्या. कालचा कॅलप्रोटेक्टिन २६०. रक्त थांबलंय. एफएमटीबद्दल त्याने विचारलं, डॉक्टर म्हणाले की ह्याने नाही जमलं तर कुठे रीतसर होतं ते बघू, आत्ता गरज नाही. कोचने पैसे परत दिले नाहीत, ग्रुपमधून काढलं मात्र लगेच.

मुलीला त्याने स्वतः सांगितलं. ती फार्मसीवाली निघाली. तिचा पहिला प्रश्न, "एनिमा डाव्या कुशीवर घेतोस ना?"

लष्करचे_आजोबा
२६० म्हणजे अजून काम बाकी आहे. औषध सोडू देऊ नकोस. मुलगी उत्तम.

धार_रोडची_माई
बरं झालं माझं ऐकलं नाहीत.

मांडवीची_मावशी
रक्त थांबलं ना, आता हळूच अर्धी वाटी ताक. डॉक्टरांना विचारून.

सेवगाठी
जिजाजींना आता होतंय का?

रामबागवाली
डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी.

सई_तिलकनगर
आणि मिक्सर?

रामबागवाली
भाऊ शपथेवर सांगतो की वापरला नाही. तरी अजून त्याच्या गाडीच्या डिकीत आहे. आई रोज विचारते, चटणी झाली का रे.